लस, संरक्षण आणि मागे उरलेलं दुखणं : कोविडविषयक आरोग्यसल्ल्याचा आढावा

16 जानेवारी 2021 रोजी भारतात कोविडची लस द्यायला सुरुवात झाली आणि 17 जुलै 2022 रोजी देशाने 200 कोटी डोसचा टप्पा ओलांडला. दीड वर्षात एवढ्या मोठ्या संख्येने प्रौढांना लस टोचण्याचा अनुभव आपल्या आरोग्ययंत्रणेला याआधी नव्हता. आशाताई, परिचारिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतले कर्मचारी यांनी ते काम तडीस नेले. तरीही आज एखादा तरुण चालता-बोलता कोसळला, की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात : लस घेतली होती का? आणि कोविड होऊन गेल्यावर वर्षभर ज्याचा थकवा हटत नाही, जिना चढताना ज्याची छाती भरून येते, त्याला मात्र ‘कोविडचा हा परिणाम असेल का’ असे डॉक्टरही क्वचितच विचारतात.

लशीबद्दल संशय फार आणि आजाराच्या दीर्घ परिणामांबद्दल विचारपूस नाही, अशी ही स्थिती आहे. पुरावा मात्र नेमका उलट बाजूला झुकलेला आहे. हे अंतर का पडले? माझ्या मते त्याचे मुख्य कारण सल्ला देण्याच्या पद्धतीत आहे. साथीच्या काळात आपल्याला आदेश भरपूर मिळाले. प्रमाण मात्र कुणी सांगितले नाही. लस कशापासून वाचवते, कोणाला किती, किती काळ, आणि त्या बदल्यात धोका किती, या प्रश्नांची उत्तरे आकड्यांत उपलब्ध होती. ती लोकांपर्यंत पोहोचली नाहीत, म्हणून मोकळ्या जागेत अफवा शिरल्या. ती उत्तरे एकत्र मांडणे हाच या आढाव्याचा हेतू आहे.

सल्ला का बदलत गेला

नव्या आजाराबद्दलचा सल्ला बदलणारच. पहिल्या महिन्यांत भाज्या धुण्यावर, दाराच्या कड्या पुसण्यावर आणि रस्त्यांवर औषध फवारण्यावर भर होता, कारण विषाणू पृष्ठभागांवरून पसरतो असे गृहीत धरले होते. निरोगी माणसांनी मास्क लावण्याची गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटना आधी म्हणत होती. जून 2020 मध्ये तिने ती भूमिका बदलली. बंद खोलीतली हवा हे संसर्गाचे मोठे साधन आहे, हे मान्य व्हायला आणखी वेळ गेला. भारत सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे 2021 मध्ये काढलेल्या पत्रकात सांगितले, की मोठे थेंब दोन मीटरच्या आत खाली पडतात, पण सूक्ष्म तुषार हवेतून दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात. म्हणून खिडक्या उघड्या ठेवा. तोपर्यंत दुसऱ्या लाटेने देश होरपळला होता. हात धुण्याच्या सवयीने इतर आजारांत फायदा झालाच, पण कोविडपुरते बोलायचे तर उघडी खिडकी सॅनिटायझरच्या बाटलीपेक्षा मोलाची होती.

औषधांबाबतचा बदल अधिक बोचरा आहे. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही गोळी आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रतिबंधक म्हणून घ्यावी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मार्च 2020 मध्ये सुचवले. दाखल रुग्णांना तिचा उपयोग होत नाही, हे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत त्याच वर्षी जूनमध्ये दिसले. प्लाझ्माची गोष्ट तर आपल्या घरची. आयसीएमआरनेच 39 रुग्णालयांत 464 रुग्णांवर चाचणी घेतली आणि प्लाझ्माने मृत्यू किंवा आजाराची तीव्रता कमी होत नाही, हा निष्कर्ष 2020 च्या शरद ऋतूत जाहीर केला. अधिकृत उपचारयादीतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे 2021 मध्ये. मधल्या काळात, एप्रिलच्या उन्हात, नातेवाईक रक्तपेढ्यांच्या दारांत उभे राहून आणि व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप धाडून प्लाझ्मादाते शोधत होते. उपयोग नाही हे कागदावर लिहिले गेलेले असताना माणसे त्यामागे धावत राहिली, ही सल्लायंत्रणेतली खरी चूक आहे. ज्ञान बदलल्यावर सल्ला ताबडतोब आणि कारणासह बदलला, तर लोक तो स्वीकारतात.

कोविशील्डच्या दोन डोसांमधल्या अंतराचेही असेच झाले. आधी चार ते सहा आठवडे, मार्च 2021 मध्ये सहा ते आठ आणि 13 मे रोजी बारा ते सोळा. यामागे शास्त्र होते. ‘लॅन्सेट’मधील विश्लेषणात सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतर असलेल्यांमध्ये परिणामकारकता सुमारे 55 टक्के, तर बारा आठवडे किंवा अधिक अंतर असलेल्यांमध्ये सुमारे 81 टक्के आढळली होती. पण अंतर वाढवण्याचा निर्णय आला तो लशीच्या टंचाईच्या ऐन भरात. त्याच आठवड्यात महाराष्ट्राने 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण थांबवून उपलब्ध साठा 45 वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या डोससाठी वळवला होता. शिवाय, डेल्टा या प्रकाराविरुद्ध एका डोसचे संरक्षण जेमतेम 30 टक्के आणि कोविशील्डच्या दोन डोसचे सुमारे 67 टक्के, असे ब्रिटनमधील आकडे लवकरच आले. म्हणजे लांब अंतराचा फायदा होता आणि लाट सुरू असताना लोकांना एकाच डोसवर ठेवण्याचा तोटाही होता. जूनमध्ये परदेशी शिक्षणाला वा नोकरीला जाणाऱ्यांना आणि ऑलिंपिकला जाणाऱ्या खेळाडूंना 28 दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली, तेव्हा साहजिकच लोकांनी विचारले : मग खरे अंतर कोणते? ‘साठा कमी आहे, शिवाय लांब अंतर अधिक चांगले असल्याचा पुरावाही आहे, म्हणून हा निर्णय’ असे सरळ सांगितले असते तर विश्वास टिकला असता.

लस कशापासून वाचवते

लशीच्या यशापयशावर वाद होतो तेव्हा बहुधा दोन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात : संसर्ग टाळणे आणि गंभीर आजार टाळणे. इंजेक्शनने दिलेल्या लशीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. पहिले काही आठवडे त्यांची पातळी इतकी उंच असते की विषाणूला नाका-घशातही जम बसवता येत नाही. पुढे ती पातळी उतरते, विषाणूही रूप बदलतो आणि संसर्ग पुन्हा होऊ शकतो. पण स्मृतिपेशी आणि टी पेशी उरतात. विषाणू शरीरात शिरल्यावर त्या काही दिवसांत कामाला लागतात आणि फुफ्फुसांपर्यंत आजार पोहोचण्याआधी त्याला आवर घालतात. म्हणून दोन डोस घेतलेल्या माणसाला ओमिक्रॉनचा ताप आला यात लशीचे अपयश नव्हते; त्याला ऑक्सिजनच्या खाटेची गरज पडली नाही, हे तिचे यश होते.

चाचण्यांतील आकडे आणि प्रत्यक्षातील आकडे यांतला फरक इथेच कळतो. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचणीत लक्षणे असलेल्या कोविडविरुद्ध 77.8 टक्के आणि गंभीर आजाराविरुद्ध 93.4 टक्के परिणामकारकता नोंदली गेली. दिल्लीच्या एम्समधील कर्मचाऱ्यांवर दुसऱ्या लाटेत झालेल्या अभ्यासात मात्र लक्षणे असलेल्या कोविडविरुद्धचे संरक्षण 50 टक्क्यांच्या आसपास दिसले. या कर्मचाऱ्यांचा विषाणूशी रोजचा संबंध होता आणि डेल्टाचा जोर होता. दोन्ही आकडे आपापल्या परिस्थितीत खरे आहेत.

दरम्यान, बहुतेकांना संसर्गही होऊन गेला. आयसीएमआरच्या चौथ्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, जून-जुलै 2021 मध्ये, 67.6 टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडे सापडली. मुंबईच्या पाचव्या सर्वेक्षणात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, हे प्रमाण 86.64 टक्क्यांवर गेले. लस आणि संसर्ग या दोहोंमुळे येणाऱ्या प्रतिकारशक्तीला संमिश्र प्रतिकारशक्ती म्हणतात. ओमिक्रॉनच्या काळातील अभ्यास एकत्र करून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, तिचे गंभीर आजाराविरुद्धचे संरक्षण वर्षभरानंतरही 97 टक्क्यांच्या वर होते. केवळ संसर्गाने मिळालेले संरक्षण त्याच काळात सुमारे 75 टक्क्यांवर आले होते. पुन्हा संसर्ग होण्यापासूनचे संरक्षण मात्र संमिश्र गटातही वर्षभरात 42 टक्क्यांपर्यंत उतरले. आजच्या सगळ्या सल्ल्याचा गाभा या आकड्यांत आहे : संसर्गाविरुद्धची ढाल अल्पकाळ टिकते, गंभीर आजाराविरुद्धची दीर्घकाळ.

हा फरक धोरणाने विसरला की अन्याय होतो. 15 ऑगस्ट 2021 पासून मुंबईच्या लोकलमध्ये दोन डोस पूर्ण होऊन 14 दिवस झालेल्यांनाच सामान्य प्रवासाची मुभा मिळाली. लस घेतलेला माणूस संसर्ग पसरवणार नाही, हे या नियमामागचे गृहीतक होते. डेल्टाच्या काळात ते अंशतः खरे होते, ओमिक्रॉनच्या काळात फारच थोडे उरले. ज्याचा दुसरा डोस टंचाईमुळे लांबला होता, त्या मजुराची रोजी या नियमाने बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने 2 मे 2022 रोजी डॉ. जेकब पुलियल यांच्या याचिकेवर निकाल देताना लसीकरणाचे धोरण अवाजवी नसल्याचे सांगितले. पण कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असेही स्पष्ट केले. लशीच्या प्रतिकूल घटनांची माहिती जनतेसमोर ठेवावी, हा त्या निकालाचा तिसरा आणि सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग.

एकूण किती जीव वाचले? लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2022 मध्ये काढलेल्या अंदाजानुसार लसीकरणाच्या पहिल्या वर्षात 185 देशांत सुमारे 1 कोटी 98 लाख मृत्यू टळले. त्यांत भारताचा वाटा सुमारे 42 लाखांचा. साथरोगतज्ज्ञ जॉन इओनिडिस यांच्या गटाने 2025 मध्ये मांडलेला अंदाज बराच सावध आहे : 2020 ते 2024 या काळात जगभरात सुमारे 25 लाख. ही तफावत गृहीतकांमुळे पडते : किती लोकांना आधीच संसर्ग झाला होता, लस नसती तर किती जण दगावले असते, हे दोन्ही गट वेगवेगळे धरतात. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की सर्वांत सावध अंदाजातही लाखो जीव वाचले आणि त्यांतले सुमारे नव्वद टक्के साठीच्या पुढचे होते. लस कोणासाठी सर्वाधिक मोलाची, याचे उत्तर यातच आहे.

दुष्परिणाम : प्रमाणाची भाषा

लसीकरण केंद्रावर डोस घेतल्यानंतर अर्धा तास बसवून ठेवत, ते अनेकांना वेळखाऊ वाटले असेल. त्या अर्ध्या तासामागे एक ठोस कारण होते. कुठल्याही इंजेक्शनची तीव्र अ‍ॅलर्जी आली तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते आणि वेळेत अ‍ॅड्रिनॅलिन दिले तर माणूस वाचतो. म्हणून निरीक्षण कक्षात प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेशेजारी टेबलावर औषधांची पेटी तयार ठेवलेली असे आणि नर्सची नजर घड्याळापेक्षा समोरच्या चेहऱ्यांवर असे. ताप, अंगदुखी, दंड दुखणे हे नंतरचे एक-दोन दिवसांचे परिणाम जवळजवळ प्रत्येक घराने पाहिले आहेत.

दुर्मीळ पण गंभीर परिणाम मुख्यतः दोन. पहिला, कोविशील्डसारख्या अ‍ॅडिनोव्हायरस वाहक लशींनंतर रक्तातल्या प्लेटलेट कमी होऊन गुठळ्या होणे. एप्रिल 2021 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी हा संबंध मान्य केला. ब्रिटनमध्ये त्याचे प्रमाण साधारण लाखात एक आणि तरुणांत त्याहून अधिक आढळले. म्हणून तिथे 7 मे 2021 रोजी चाळिशीखालच्यांना शक्यतो वेगळी लस द्यावी असा सल्ला आला. भारतात राष्ट्रीय समितीने 498 गंभीर घटना तपासल्या, त्यांत 26 घटना गुठळ्यांच्या असण्याची शक्यता दिसली आणि हे प्रमाण दर दहा लाख डोसमागे 0.61 असे 17 मे 2021 रोजी जाहीर झाले. आपल्याकडची नोंद कुणी कळवले तरच होत असे, त्यामुळे प्रत्यक्ष प्रमाण याहून काहीसे अधिक असू शकते. तरीही त्याच महिन्यात डेल्टाने घेतलेले बळी पाहता, मध्यमवयीन आणि वृद्ध माणसासाठी हिशेब लशीच्या बाजूचाच होता.

2024 मध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात हा परिणाम अतिदुर्मीळ प्रसंगी होऊ शकतो असे लिहून दिल्याच्या बातम्या आल्या आणि भारतात एकच खळबळ उडाली. वास्तविक ही माहिती तीन वर्षे जुनी आणि जाहीर होती. लोकांना ती तेव्हा मराठीत, साध्या शब्दांत सांगितली गेली नव्हती, म्हणून ती ‘लपवलेले सत्य’ म्हणून समोर आली. त्याहून महत्त्वाचे, या गुठळ्या लस घेतल्यानंतर साधारण पहिल्या महिन्यात होतात. 2021 मध्ये लस घेतलेल्याने आज त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

दुसरा परिणाम हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. फायझर आणि मॉडर्ना यांच्या एमआरएनए लशींनंतर, विशेषतः दुसऱ्या डोसनंतर पहिल्या आठवड्यात, किशोरवयीन आणि तरुण पुरुषांत तो अधिक आढळला. बहुतेक जण त्यातून बरे झाले. भारताच्या सार्वत्रिक मोहिमेत या लशी नव्हत्या. त्यामुळे परदेशातल्या बातम्या इथल्या लशींना चिकटवणे चूक आहे. आठ देशांतील 9 कोटी 90 लाख लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या 2024 च्या अभ्यासातही हेच दोन परिणाम ठळकपणे पुढे आले. मेंदू व मज्जासंस्थेशी संबंधित काही विरळ परिणामही दिसले, पण दडून राहिलेले एखादे मोठे संकट त्यात सापडले नाही.

अचानक मृत्यूंबद्दल आपल्याकडेच काम झाले आहे. आयसीएमआरने 47 रुग्णालयांच्या मदतीने ऑक्टोबर 2021 ते मार्च 2023 या काळात अचानक दगावलेल्या 18 ते 45 वयाच्या 729 निरोगी व्यक्तींची माहिती जमवली आणि त्याच वयाच्या, त्याच परिसरातल्या 2,916 हयात व्यक्तींशी तिची तुलना केली. लशीमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. दोन डोस घेतलेल्यांत तो कमीच होता. धोका वाढवणाऱ्या गोष्टी निघाल्या त्या अशा : कोविडमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, घराण्यात अचानक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या 48 तासांत अतिरेकी मद्यपान किंवा नशा, आणि त्याच काळात अतिश्रमाचा व्यायाम. हा निष्कर्ष गावोगावच्या व्यायामशाळांत लावण्याजोगा आहे.

याउलट बनारस हिंदू विद्यापीठातील कोव्हॅक्सिनविषयीच्या एका अभ्यासाने मे 2024 मध्ये मथळे मिळवले. लस घेतलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना वर्षभरात काही ना काही तक्रार झाली, असे त्यात होते. पण लस न घेतलेल्या लोकांत तितक्याच तक्रारी होत्या का, हे पाहिलेच नव्हते. आयसीएमआरने आक्षेप घेतला आणि पुढे नियतकालिकाने तो लेख मागे घेतला. लशीनंतर झाले आणि लशीमुळे झाले यांतला फरक तुलनेशिवाय कळत नाही.

एवढे सांगितल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. दुर्मीळ परिणाम ज्या घरात झाला, त्या घरासाठी तो दुर्मीळ नसतो. समाजाच्या भल्यासाठी लस घेताना ज्यांचे नुकसान झाले, त्यांची तातडीने तपासणी आणि भरपाई ही समाजाची जबाबदारी आहे. अशी व्यवस्था असल्याने लशीवरचा विश्वास कमी होत नाही, वाढतो.

मागे उरलेलं दुखणं

कोविडच्या दीर्घ परिणामांना नाव आधी रुग्णांनी दिले. 2020 च्या मे महिन्यात एलिसा पेरेगो या संशोधिकेने स्वतःचा अनुभव सांगताना ‘लॉन्ग कोविड’ हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2021 मध्ये व्याख्या केली : संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने स्पष्ट न होणारी लक्षणे. थकवा, धाप, आणि विचार व स्मरण मंदावणे ही त्यांतली प्रमुख. शंभर बाधितांपैकी साधारण सहा जणांना हा त्रास होतो, असा संघटनेचा अंदाज आहे. तो मध्यमवयीन स्त्रियांत, गंभीर आजार होऊन गेलेल्यांत आणि वारंवार संसर्ग झालेल्यांत अधिक दिसतो. पण साध्या सर्दीतापानंतरही होऊ शकतो.

या दुखण्याचे एक लक्षण जवळून पाहिले पाहिजे, कारण त्यावरूनच रुग्णाला आळशी ठरवले जाते. एके सकाळी अशा एखाद्या रुग्ण बाईंना बरे वाटते. साचलेले धुणे त्या धुतात, बाजारातून भाजी आणतात, संध्याकाळी मुलाचा अभ्यास घेतात. त्या दिवशी काहीच होत नाही. दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी अंग असे गळते की चहाचा कप उचलताना हात कापतो, उजेड सहन होत नाही, समोरच्याचे वाक्य डोक्यात शिरत नाही, आणि हे चार-पाच दिवस चालते. श्रमानंतर उशिरा येणारी ही घसरण साध्या अशक्तपणात दिसत नाही. ‘जरा हिंडा-फिरा, व्यायाम करा, बरे वाटेल’ हा घरचा आणि दवाखान्यातला सल्ला इथे घातक ठरतो.

असे का होते, यावर अनेक दिशांनी संशोधन सुरू आहे : शरीरात विषाणूचे अंश उरणे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटणे, रक्तवाहिन्यांच्या अस्तराची सूज आणि सूक्ष्म गुठळ्या, जुने सुप्त विषाणू पुन्हा जागे होणे. बहुधा हे एकच दुखणे नसून अनेक दुखणी एका नावाखाली आली आहेत. म्हणून एकच गोळी सर्वांना लागू पडत नाही. पॅक्सलोविड या विषाणूरोधक औषधाचा पंधरा दिवसांचा कोर्स दीर्घ कोविडवर देऊन पाहिला, उपयोग झाला नाही. मेटफॉर्मिन संसर्गाच्या पहिल्या काही दिवसांत दिले असता, जास्त वजनाच्या लोकांत पुढे दीर्घ कोविडचे निदान होण्याचे प्रमाण 10.4 वरून 6.3 टक्क्यांवर आले. ही आशा वाढवणारी गोष्ट आहे. पण ते मधुमेहाचे औषध आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

लस इथेही उपयोगी पडते, आणि हे फार कमी सांगितले जाते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या नोंदींवरील, जुलै 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, साथीच्या पहिल्या काळात दर शंभर बाधितांत वर्षभरात सुमारे 10.4 जणांना दीर्घ कोविड झाला. ओमिक्रॉनच्या काळात लस न घेतलेल्यांत हे प्रमाण 7.8 आणि लस घेतलेल्यांत 3.5 होते. यातले बहुसंख्य वयस्क पुरुष होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावता येणार नाहीत; दिशा मात्र स्पष्ट आहे. लस धोका निम्म्याहून कमी करते, शून्यावर आणत नाही.

भारतातला सर्वांत मोठा पाठपुरावा 31 रुग्णालयांतून घरी गेलेल्या 14,419 रुग्णांचा आहे. त्यांतले 6.5 टक्के रुग्ण पुढच्या वर्षभरात दगावले. सुमारे 17 टक्क्यांना घरी गेल्यावर चार ते आठ आठवड्यांनीही थकवा, धाप किंवा बुद्धीच्या कामात अडचण जाणवत होती. संसर्गापूर्वी लस घेतलेल्यांत मृत्यूचा धोका कमी होता. रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे आजार संपला, ही आपली समजूत या आकड्यांनी मोडली पाहिजे. म्युकरमायकोसिसने ती आधीच मोडली होती. 2021 च्या उन्हाळ्यात अनियंत्रित मधुमेह आणि बेसुमार स्टिरॉइड यांच्या संगतीने ही काळी बुरशी पसरली. जुलैपर्यंत देशात 45 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, महाराष्ट्रात हजारो, आणि अनेकांना डोळा वा जबडा गमवावा लागला. ऑक्सिजनची गरज असलेल्यांना स्टिरॉइड जीवदान देते, पण ऑक्सिजन लागत नसलेल्यांना त्याचा फायदा नाही, हे ‘रिकव्हरी’ चाचणीने जून 2020 मध्येच दाखवले होते. प्रमाण न सांगता दिलेला सल्ला किती महाग पडतो, याचे याहून कठोर उदाहरण नाही.

आज कोणी काय करावे

जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्याच्या थोडे आधी, मार्चमध्ये, तिने लोकांचे तीन गट केले. वृद्ध, गंभीर सहव्याधी असलेले, प्रतिकारशक्ती कमी असलेले, गर्भवती आणि आघाडीचे आरोग्य कर्मचारी यांना वर्धक डोस ठरावीक अंतराने द्यावा. निरोगी प्रौढांना मूळ डोस आणि एक वर्धक डोस पुरे. निरोगी मुलांबाबत प्रत्येक देशाने आपला हिशेब करावा. ब्रिटनने 2025 च्या शरदात वर्धक डोसची वयोमर्यादा 75 वर्षांवर नेली, सोबत वृद्धाश्रमातील रहिवासी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले. अमेरिकेने 2025 मध्ये सरसकट शिफारस सोडून व्यक्ती आणि डॉक्टर यांच्या चर्चेवर निर्णय सोपवला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र दोन वर्षांखालच्या बाळांसाठी शिफारस कायम ठेवली. देशोदेशीचे सल्ले वेगळे आहेत, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी : वय आणि सहव्याधी जितकी जास्त, तितका लशीचा फायदा मोठा. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या मराठी आजी-आजोबांनी त्या देशाचा सल्ला तिथल्या डॉक्टरांकडून समजून घ्यावा.

भारतात सार्वत्रिक मोहीम आता नाही. तिशी-चाळिशीतल्या, लस आणि संसर्ग दोन्ही झालेल्या निरोगी माणसाने नव्या डोससाठी धावपळ करण्याची गरज नाही. ज्यांचे अवयव प्रत्यारोपण झाले आहे, कर्करोगाचे उपचार सुरू आहेत, डायलिसिस चालू आहे किंवा वय पंचाहत्तरीपुढे आहे, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी डोसबद्दल बोलावे आणि उपलब्धता पाहावी. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशींचाही विचार त्याच भेटीत करावा. गर्दीच्या बंद जागी, दवाखान्यात आणि घरातल्या वृद्धाची शुश्रूषा करताना एन-95 मास्क आजही उपयोगी आहे. सर्दीतापाच्या दिवसांत आजोबांच्या खोलीत न जाणे, खिडकी उघडी ठेवणे, ताप असताना मुलाला शाळेत न पाठवणे हे फुकटचे उपाय आहेत. जोखमीच्या रुग्णाला कोविड झाला तर पहिल्या पाच दिवसांत डॉक्टरांना गाठावे, कारण विषाणूरोधक औषधांची वेळ तीच असते. घरात पडलेले स्टिरॉइड मनाने घेऊ नये.

तीन महिन्यांनंतरही त्रास उरला असेल तर आधी रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह, बी-12 ची कमतरता आणि क्षयरोग या गोष्टी तपासून घ्याव्यात. आपल्याकडे थकवा आणि धाप यांची कारणे पुष्कळ असतात आणि बरीच बरी होणारी असतात. छातीत दुखणे, बेशुद्ध पडणे किंवा पायाला सूज असेल तर थांबू नये. सगळे तपासूनही कारण सापडले नाही आणि श्रमानंतर घसरण होत असेल, तर ताकदीचा हिशेब ठेवून काम वाटून घ्यावे : एका दिवशी एकच जड काम, मध्ये विश्रांती, आणि बरे वाटले म्हणून दुप्पट काम नको. घरच्यांनी विश्वास ठेवावा, हा या उपचाराचा अर्धा भाग आहे.

पुढच्या साथीआधी

या सगळ्या प्रवासातून एक मागणी ठामपणे पुढे येते. आरोग्यसल्ल्यात चार गोष्टी असल्याच पाहिजेत : कोणासाठी, कशापासून, किती प्रमाणात आणि कधीपर्यंत. पाचवी, कोणता पुरावा आला तर सल्ला बदलेल. एवढे सांगणारे पत्रक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येक माणसाला कळू शकते. लाखात एक म्हणजे काय, हे शेतीचा आणि भिशीचा हिशेब करणाऱ्या माणसाला शिकवावे लागत नाही. त्याला गोंधळ होईल म्हणून आकडे दडवणे हा त्याचा अपमान आहे.

यंत्रणेकडून तीन कामे हवीत. लशीच्या प्रतिकूल घटनांची नोंद आणि तपासणीचे निष्कर्ष नियमित व जाहीरपणे मिळावेत. नुकसान झालेल्यांना न्यायालयाचे उंबरे न झिजवता भरपाई मिळावी. आणि प्रत्येक जिल्हा रुग्णालयात, आठवड्यातून एक दिवस का होईना, कोविडनंतरच्या त्रासासाठी बाह्यरुग्ण विभाग चालावा, जिथे तपासणी, नोंद आणि पाठपुरावा होईल. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांकडे त्यासाठी लागणारे फिजिशियन, फिजिओथेरपिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ आहेत. दंडावर सुई टोचण्यासाठी आपण वस्तीवस्तीत, शेताच्या बांधापर्यंत गेलो. त्याच याद्या, त्याच आशाताई आणि तीच चिकाटी वापरून, कोविडनंतर कोणाची तब्येत पूर्वपदावर आली नाही, हे विचारत पुन्हा एकदा घरोघर जाणे आपल्याला सहज शक्य आहे. ते केले पाहिजे.